कित्ते बनवणाऱ्यांनो, अक्षराच्या वर-खालीही जरा बघा

प्रति,
मुलांना गिरवायला देतात त्या शीट्ससाठी फॉन्ट, टेम्प्लेट, जनरेटर आणि लाटेकची (म्हणजे पानं मांडून देणाऱ्या टेक या प्रोग्रामवरच्या यंत्रणेची) पॅकेजेस बनवणारी समस्त मंडळी,

स.न.वि.वि.

आधीच सांगते, हे भांडण नाहीये. तुमच्यातले बरेच जण हे काम नोकरी सांभाळून, रात्री बसून, फुकटात करता आणि आमच्यासारख्यांचं सगळं त्यावर चालतं. मी भाषा शिकणाऱ्या लहान मुलांसाठी पुस्तीची पानं सेट करते, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि अर्थातच मराठी, तुमचे फॉन्ट नसते तर एकेक पान हाताने काढत बसावं लागलं असतं. त्यामुळे उपकार मान्य, एकदम मनापासून. पण तक्रार आहे आणि ती एकच आहे. अक्षराला चिकटून येणाऱ्या ज्या खुणा असतात, रोमनमधले अक्यूट (´), ग्रेव्ह (`), उमलाउट (¨), टिल्ड (~), सेडिला (¸) आणि आपल्याकडचे मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, रफार, त्या तुमच्या कामात सगळ्यात शेवटी येतात. अक्षरं तुम्ही मन लावून काढता आणि खुणा सॉफ्टवेअर बसवतं. पुस्तकाच्या छपाईत हे खपून जातं, अक्यूट जरा वर गेला काय आणि डावीकडे सरकला काय, वाचणारा वाचतो. गिरवण्याच्या पानावर मूल वाचत नसतं, तुम्ही दाखवाल तसा हात फिरवत असतं, तुमची चूक सरळ त्याच्या हातात उतरते आणि मग ती काढता काढता शिक्षकांच्या नाकी नऊ येतात.

टिंबांच्या फॉन्टपासून सुरू करते कारण तेच जास्त वापरले जातात. अक्षराची रेघ टिंबाटिंबांची, मुलाने ती जोडत जायची. आता रोमन ई वरचा अक्यूट घ्या. एवढीशी तिरकी रेघ. अक्षराला ज्या अंतरावर टिंबं दिलीत त्याच अंतरावर तिलाही दिलीत तर तिच्या वाट्याला येतात दोन टिंबं. आणि त्याच ई वर फ्रेंचमध्ये ट्रेमा पण येतो, म्हणजे मुळातच दोन टिंबं! एक जोडी थोडी कललेली, दुसरी आडवी, आणि सहा वर्षांच्या मुलाने यावरून ओळखायचं की इथे रेघ ओढायची आणि तिथे नुसते दोन ठिपके द्यायचे. मराठीत तर याहून वाईट. अनुस्वार हे स्वतःच एक टिंब, मग टिंबांच्या फॉन्टमध्ये तो गिरवायच्या टिंबांच्याच साइजचा येतो आणि त्या गर्दीत हरवतो. 'रग' आणि 'रंग' मध्ये फरक काय तर शिरोरेघेच्या वर एक ठिपका, जो मुलाला शिरोरेघेचाच सुटलेला ठिपका वाटतो. ङ च्या पोटाशेजारचं टिंब, नुक्ता, चंद्रबिंदू, सगळ्यांची हीच गत. रफार आणि चंद्रकोर दोन्ही तीन-चार टिंबांचे बाक होऊन बसतात, कुठला कुठे उघडतो हे मोठ्या माणसालाही दोनदा बघावं लागतं.

उपाय अवघड नाहीये. जी खूण मुळात टिंब आहे ती टिंबांच्या फॉन्टमध्येही भरीव आणि मोठी काढा, गिरवायच्या ठिपक्याच्या किमान दुप्पट. जी खूण रेघ आहे पण छोटी आहे, तिच्यात टिंबांमधलं अंतर कमी करा, अक्यूटला चार टिंबं तरी मिळू देत. अंतर सगळीकडे सारखं ठेवायचा नियम कुणी घालून दिलाय? काही जण यावर म्हणतात टिंबं सोडा, फिका करडा रंग वापरा. मला पण करडा जास्त आवडतो, पण लेझर प्रिंटरवर फिका करडा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळीच असते, जाड अक्षर त्यात दिसतं आणि बारीक अक्यूट विरून जातो. म्हणून करड्यातही खुणा थोड्या गडद लागतात. स्क्रीनवर बघून ठरवू नका एवढंच, प्रिंट काढून बघा.

आता दुसरी गोष्ट, जिच्यामुळे खरं तर हे पत्र लिहायला बसले. बऱ्याच सराव फॉन्टमध्ये रेघा अक्षराच्या ग्लिफमध्येच (म्हणजे फॉन्टमधल्या त्याच्या चित्रातच) काढलेल्या असतात, म्हणजे ई टाइप केला की ई आणि त्याच्या मागच्या चार रेघांचा तुकडा एकत्रच येतो. टाइप करणाऱ्याला सोपं, वर्डमध्ये पण चालतं, मान्य. पण खुणा बसवणाऱ्या यंत्रणेला अक्षर कुठे संपतं ते कळतच नाही. टेकमध्ये अक्सेंट (म्हणजे रोमनमधल्या या खुणा) बसवायची मूळ पद्धत अशी आहे की खूण फॉन्टच्या छोट्या अक्षरांच्या उंचीसाठी काढलेली असते आणि अक्षर त्यापेक्षा जेवढं उंच असेल तेवढी ती वर सरकवली जाते. हिशोब छान आहे. पण तुमच्या फॉन्टमध्ये छोटा ई काय आणि मोठा ई काय, रेघांसकट सगळ्यांच्या डब्याची उंची एकच! मग छोट्या ई चा अक्यूट सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर जाऊन लटकतो, आणि खालचं अक्षर बिचारं दोन मजले खाली. ओपनटाइप या आजच्या फॉन्ट फॉरमॅटवाल्यांनी हसू नये, तिथेही तेच होतं. फॉन्टमध्ये खूण कुठे टेकवायची याचे अँकर दिलेले नसले तर हार्फबझसारखं अक्षरं मांडणारं इंजिन अक्षराचा चौकोन मोजून अंदाजाने खूण ठेवतं, आणि चौकोन मोजला की रेघा आल्याच. वर अक्यूटच्या ग्लिफमध्येही रेघांचा तुकडा असला तर काय बघायलाच नको, त्या एका अक्षरापुरत्या रेघा दोनदा छापल्या जातात आणि जाड दिसतात, किंवा अर्ध्या मिलिमीटरने चुकलेल्या. मुलं बरोब्बर विचारतात की ही रेघ इथेच जाड का आहे.

रेघा फॉन्टमध्ये घालू नका. हात जोडून सांगते. रेघा पानाच्या असतात, अक्षराच्या नसतात. लाटेकमध्ये रेघा वेगळ्या काढणं म्हणजे चार ओळींचा मॅक्रो आहे, वेब जनरेटरमध्ये बॅकग्राउंडला देता येतात. वर्डवाल्यांसाठी हवीच असेल रेघांची आवृत्ती तर ती वेगळी ठेवा आणि तिच्यात खुणांसकटची अक्षरं आख्खी काढून द्या.

आणि आख्खी काढून द्या म्हणजे खरंच काढून द्या. टेकच्या जुन्या फॉन्टमध्ये १२८ जागा होत्या, तिथे सगळी अक्सेंटची अक्षरं बसवणं शक्यच नव्हतं म्हणून सुटी खूण वर ठेवायची युक्ती आली, आणि म्हणूनच १९९० साली आयर्लंडमधल्या कॉर्कला २५६ जागांचं टी-वन एन्कोडिंग (म्हणजे कुठल्या जागेवर कुठलं अक्षर याची यादी) ठरलं ज्यात युरोपातल्या बऱ्याच भाषांची अक्षरं तयार मिळतात. म्हणजे टेकच्या जगाने हा प्रश्न तेव्हाच ओळखला होता, आपण सराव फॉन्ट बनवणारे मात्र अजून सुटी खूण वर ठेवतोय. याचा सगळ्यात मोठा फटका जोडून लिहायच्या वळणाला बसतो. कर्सिव्हमध्ये एका अक्षराची शेपटी पुढच्याला जाऊन मिळते आणि ही जोडणी फॉन्टमध्ये लिगेचरने (दोन अक्षरांच्या एका जोड चित्राने) किंवा शेजार बघून बदलणाऱ्या ग्लिफने केलेली असते. मध्ये सुटा अक्सेंट आला की टेक तिथे स्वतःची सरकवासरकव घालतं, साखळी तुटते आणि आख्खा शब्द जोडलेला असताना नेमका खुणेच्या अक्षरानंतर खड्डा पडतो. मूल काय शिकतं? की खूण आली की हात उचलून नवीन अक्षर सुरू करायचं, जे बरोबर उलटं आहे.

हात कधी उचलायचा यावर शिक्षकांमध्येच दोन मतं आहेत हे मला माहितीये, काही म्हणतात आख्खा शब्द लिहून झाल्यावर मागे येऊन आय चे ठिपके, टी च्या आडव्या रेघा आणि अक्सेंट द्यायचे, काही म्हणतात शब्द लांब असेल तर मुलं विसरतात म्हणून लगेच द्या. आपल्याकडे शिरोरेघेचा तोच वाद, अक्षरागणिक की शब्दागणिक. हे तुम्ही ठरवू नका, शिक्षकाला ठरवू द्या. पण त्यासाठी स्ट्रोकचे आकडे आणि बाण खुणेलाही हवेत आणि ते बदलता यायला हवेत! आत्ता काय होतं, ई च्या ग्लिफवर '१' आकडा, अक्यूटच्या ग्लिफवर पण '१' आकडा, एडिटरमध्ये एका क्लिकवर दोन्ही जोडून संयुक्त ग्लिफ बनवला की एकाच अक्षरावर दोन एक! सुरुवात कुठून करायची मग? दोन्ही हातांनी? आकड्यांचा थर वेगळ्या फॉन्टमध्ये किंवा वेगळ्या फीचरमध्ये ठेवलात तर एका झटक्यात सुटेल हे.

रोमन आय चं एक आहे. त्याच्या डोक्यावर आधीच ठिपका, त्यावर अक्यूट द्यायचा तर ठिपका काढून द्यावा लागतो, म्हणून बिनठिपक्याचा आय फॉन्टमध्ये लागतोच. सराव फॉन्टमध्ये तो नसतो कारण इंग्रजीला लागत नाही. मग ठिपका आणि अक्यूट दोन्ही एकमेकांच्या उरावर. तुर्कीत तर ठिपक्याचा आणि बिनठिपक्याचा आय ही दोन वेगळी अक्षरं आहेत, कॅपिटलमध्ये सुद्धा, तिथे हा शोभेचा प्रश्न राहतच नाही.

बाय द वे, या खुणा छापखान्यातून आल्या असं वाटत असेल तर तसं नाहीये, त्या हाताने लिहिणाऱ्यांनीच आणल्यात. आय चा ठिपका आला कारण एम, एन, यू च्या उभ्या दांड्यांच्या रांगेत एकटा आय ओळखू येईना. स्पॅनिश एन वरची टिल्ड ही दुसरा एन वर लिहून वाचवलेली जागा. जर्मन उमलाउट हा अक्षराच्या डोक्यावर लिहिलेला छोटा ई, झिजत झिजत दोन रेघा आणि मग दोन टिंबं झाला. लुडविग झ्युटरलीनने १९११ मध्ये जर्मन शाळांसाठी जे वळण तयार केलं त्यात साध्या यू वर पण एक बाक असतो, का, तर नाहीतर यू आणि एन सारखेच दिसतात. आणि त्याच्या वळणात वरचा, मधला, खालचा असे तिन्ही भाग सारख्या उंचीचे, म्हणजे वरच्या खुणांना ऐसपैस जागा. आपल्याकडे चाररेघीत आधी अक्षरं बसवतात आणि उरलेल्या फटीत खूण कोंबतात.

रेघांचा विषय निघालाच आहे तर कॅपिटल अक्षरांचं बोलते. चाररेघीत मोठा ई वरच्या रेघेला टेकतो. मग त्याचा अक्यूट कुठे जाणार? काही फॉन्ट यावर जी आयडिया करतात ती बघून मी कपाळाला हात लावला, ते खुणेचं कॅपिटल अक्षर बुटकं करतात, म्हणजे अक्यूट धरून एकूण उंची तेवढीच राहावी. आता मुलाच्या समोर एका ओळीत उंच ई आणि दुसऱ्या ओळीत बुटका ई. दुसरा मार्ग याहून सोपा, कॅपिटलवरची खूण गाळूनच टाकायची, 'कॅपिटलला अक्सेंट लागत नाही' असं म्हणून. लागतो. फ्रेंच अकादमीने स्पष्ट सांगितलंय की कॅपिटलवरचा अक्सेंट हा शुद्धलेखनाचाच भाग आहे. उत्तर खरं तर फ्रेंच वहीतच आहे, १८९२ पासूनची सेयेस रेघ, ८ मिलिमीटरची ओळ आणि तिचे २-२ मिलिमीटरचे चार गाळे, छोटं अक्षर एका गाळ्यात, कॅपिटल तीन गाळे आणि वर एक गाळा मोकळा राहतो. वरच्या ओळीतल्या जी ची शेपटी तिथे उतरते हे खरं, म्हणून लहान मुलांच्या पानावर एक ओळ सोडून लिहायला द्यावं. पण निदान खुणेला जागा आहे. तुमच्या टेम्प्लेटमध्ये ओळींमधलं अंतर हे सेटिंग द्या आणि डीफॉल्ट सढळ ठेवा. आणि फॉन्टमधली 'विन असेंट' नावाची जी किंमत असते ती सगळ्यात उंच खुणेसकट मोजून भरा, विंडोजवर त्याच्या वरचं जे असेल ते कापलं जाऊ शकतं. व्हिएतनामीत एकाच स्वरावर दोन खुणा एकावर एक चढतात, तिथे हे लगेच उघडं पडतं.

मराठीच्या रेघा तर कुणी नीट विचारच करून काढलेल्या नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. रोमनची चाररेघी उचलायची आणि त्यात देवनागरी ठेवायची. रोमन अक्षर खालच्या रेघेवर उभं असतं, आपलं वरच्या रेघेला लटकतं, घराला बाहेरून कुलूप की आतून कडी एवढा फरक आहे हा! आपल्याला शिरोरेघ ही मुख्य रेघ हवी, तिच्या वर मात्रा-वेलांटीचा गाळा, खाली अक्षराचं अंग, आणि त्याच्याखाली उकाराचा गाळा. वरचा गाळा अंगाच्या निम्मा तरी हवाच. 'मूर्तींना' लिहून बघा, त्या 'तीं' च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एका जागी येतात. 'कर्मेंद्रिये' मध्ये मात्रा, रफार, अनुस्वार. फॉन्टमध्ये या जोड्यांसाठी वेगळा ग्लिफ किंवा खुणेवर खूण बसवायचे अँकर नसतील तर तिघं एकमेकांत मिसळून डाग होतो, आणि मुलाने गिरवायचा काय तर डाग.

वेलांटीची रुंदी हा माझा खास राग. पहिल्या वेलांटीची कमान पुढच्या अक्षराच्या दांड्यापर्यंत पोचायला पाहिजे, म्हणून चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये अरुंद, मध्यम, रुंद अशा बऱ्याच वेलांट्या असतात आणि अक्षर बघून त्यातली एक लागते. सराव फॉन्टमध्ये एकच. ती 'कि' ला ठीक दिसते, पण 'स्त्रिया' मध्ये कमान अर्ध्यातच संपते, स च्या डोक्यावर. मुलं तशीच काढतात आणि मग ती वेलांटी कुणाची हेच कळत नाही. तसंच 'रु' आणि 'रू'. या दोघांना उकार खाली नाही, र च्या कमरेशी लागतो, आणि 'हृ' मध्ये ऋकार ह च्या पोटात शिरतो. हे ग्लिफ वेगळे काढलेले नसले की इंजिन इमानदारीत उकार तळाला चिकटवतं. 'दऱ्या' मधला तो आडव्या मिशीसारखा अर्धा र, त्यासाठी युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या मानकात) ऱ ला ०९३१ हा स्वतःचा कोड आहे, पण फॉन्टमध्ये त्याचा अर्धा आकार काढला नसेल तर ऱ खाली हलंत आणि पुढे सुटा य येतो, जे कुणीच हाताने लिहीत नाही. ॲ ला तर २००८ साली ०९७२ हा कोड मिळाला, तरी शीटवर अजून अ ला वेगळी चंद्रकोर जोडून टाइप करतात आणि कित्येक ठिकाणी अ आणि चंद्रकोर यांच्यामध्ये टिंबांचा गोल उगवतो. आणि ल, श मराठी वळणाचे द्या हो. ओपनटाइपमध्ये भाषा मराठी असेल तर वेगळे आकार लावायची सोय आहे, ती वापरणारे सराव फॉन्ट शोधावे लागतात.

तो टिंबांचा गोल! तो म्हणजे संगणकाची खूण आहे की बाबा इथे अक्षर पाहिजे होतं, नुसतीच मात्रा दिलीये. मात्रांचा तक्ता बनवला की प्रत्येक मात्रेसोबत तो येतो. मोठ्यांना कळतं. मुलांना टिंबं दिसली की गिरवायची एवढंच माहीत, ती तो गोल मन लावून गिरवतात, आणि चूक त्यांची नाहीच.

आता स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना. 'शब्द टाका, आम्ही चौकोनात अक्षरं पाडून देतो' किंवा 'दर ओळीला एक अक्षर कमी करून देतो' अशी टूल्स तुम्ही बनवता, छान असतात, फक्त तुम्ही अक्षर म्हणजे एक कोड पॉइंट (युनिकोडमधला एक आकडा) धरता. मग 'किती' चे चार चौकोन होतात, क, सुटी वेलांटी, त, सुटी वेलांटी. रोमनमध्ये पण सुटका नाही. तोच ई-अक्यूट एका कोडने पण साठवता येतो आणि ई अधिक ०३०१ अशा दोन कोडने पण, दिसायला डिट्टो एक, पण दुसऱ्या प्रकारचा मजकूर कुठून तरी कॉपी-पेस्ट होऊन आला की एका चौकोनात बोडका ई आणि पुढच्या चौकोनात एकटा अक्यूट. आधी नॉर्मलाइझ करा (दोन्ही प्रकार एकाच रूपात आणा), मग ग्राफीम क्लस्टरने (वाचणाऱ्याला एक वाटणाऱ्या अख्ख्या अक्षराने) तोडा, जवळपास प्रत्येक भाषेत त्याची तयार लायब्ररी आहे. फक्त ती नवीन घ्या, कारण 'क्ष', 'स्त्र' सारखी जोडाक्षरं मधून तोडायची नाहीत हा नियम युनिकोडच्या मूळ नियमांत २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, जुन्या लायब्ऱ्या हलंतापाशी खुशाल तोडतात. लाटेकवाल्यांनी तर आता कारणं देऊच नयेत, २०१८ पासून इनपुट आपोआप यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) आहे आणि २०२० पासून लुआलाटेकमध्ये हार्फबझ आहे, फक्त फॉन्ट लोड करताना रेंडरर हार्फबझ, स्क्रिप्ट देवनागरी आणि भाषा मराठी एवढं लिहायचं. तुमच्या पॅकेजने ते स्वतःच लिहावं, शिक्षकाला त्यासाठी मॅन्युअल वाचायला लावू नका.

मला नेहमी एक उत्तर मिळतं, की लहान मुलांना सुरुवातीला साधी अक्षरंच पुरतात, खुणा पुढच्या वर्षी. कुणाच्या साध्या अक्षरांनी? स्पॅनिश मूल पहिल्यांदा मामा आणि पापा लिहितं तेव्हा दोन्ही शब्दांत शेवटच्या ए वर अक्यूट असतो. मराठी मुलाला 'आई' लिहायचं तर ई च्या डोक्यावर खूण लागते. आणि जगातलं कुठलंही मूल सगळ्यात आधी काय लिहितं, तर स्वतःचं नाव. माझ्याकडे सगळ्यात जास्त मागणी नावाच्याच शीट्सची येते. हृषीकेश, रुद्र, शर्वरी, सृष्टी ही काही दुर्मिळ नावं नाहीत, आणि रोमन ई वर दोन टिंबं देणारी झोई पण नाही. इंग्रजी नावांची शीट एका मिनिटात निघते आणि या मुलांची नावं मला प्रत्येक वेळी हाताने दुरुस्त करावी लागतात, किंवा मग वर्गात एकट्या रुद्रच्या र खाली उकार लोंबकळतो आणि घरी आई-बाबांनी शिकवलेलं बरोबर की पानावरचं बरोबर हा प्रश्न त्या मुलावर पडतो.

तर मागणं एवढंच आहे. नवीन सराव फॉन्ट सोडण्याआधी त्यात इंग्रजी वर्णमाला टाइप करून खूश होऊ नका. मूर्तींना, कर्मेंद्रिये, स्त्रिया, हृषीकेश, रुद्र, दऱ्या, वाङ्मय, ट्रक, ॲप, ऑफिस हे शब्द टाका. रोमनचा असेल तर अक्यूटचा आय, कॅपिटल ई वर ग्रेव्ह, सी खालची सेडिला, पोलिश ए खालचा ओगोनेक (˛), व्हिएतनामी दोन मजली ई, आणि कर्सिव्ह असेल तर या प्रत्येकाच्या आधी आणि नंतर एकेक साधं अक्षर. टिंबांच्या आवृत्तीत काढा, खऱ्या कागदावर, मूल गिरवणार त्याच साइजला. एखादी लिपी किंवा भाषा जमत नसेल तर काही बिघडत नाही, सगळ्यांनी सगळं करावं असं नाही, पण मग ती खूण टाइप केल्यावर रिकामा चौकोन येऊ द्या. रिकामा चौकोन आला की मला कळतं की इथे काहीतरी नाहीये आणि मी दुसरं शोधते, चुकीच्या जागी बसलेला रफार मात्र छापून शंभर प्रती वाटल्या जाईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

तपासायला माणूस हवं असेल तर मी आहे, आणि माझ्यासारखे पुस्त्या काढणारे बरेच आहेत.

कळावे, लोभ असावा.

तुमचेच फॉन्ट रोज वापरणारी एक

ता.क. त्या टिंबांच्या गोलावर एक उतारा आहे, मात्रेच्या आधी नो-ब्रेक स्पेस टाकायची, युनिकोडचीच शिफारस आहे, मग मात्रा एकटी येते. पण तुमच्या फॉन्टमध्ये त्या स्पेसवर मात्रा बसवायची सोय असली तरच, तेवढी बघा.